गोधडी घरी कशी धुवावी, वाळवावी आणि जपावी

गोधडी मळल्याने खराब होत नाही. ती खराब होते दोन कारणांनी: ओली असताना स्वतःच्याच वजनाने उसवते, आणि आतून ओलसर राहिली की कुजते. पुढे सांगितलेली प्रत्येक पायरी या दोन्हींपैकी एक टाळण्यासाठी आहे. घरात पहिल्यांदाच मोठी गोधडी धुवायची वेळ आली असेल, तर पाणी भरायच्या आधी हे पूर्ण वाचा. गोधडी एकदा भिजली की मग थांबून विचार करायला सवड मिळत नाही.

आधी एक हिशेब लक्षात घ्या. एका माणसाची गोधडी साधारण दीड ते अडीच किलोची असते. दोघांची, जाड थरांची असेल तर तीन-साडेतीन किलो सहज भरते. सुती कापड पाणी भरपूर धरते, त्यामुळे तीन किलोची गोधडी पाण्यातून नुसती उचलली तर दहा-बारा किलोची होते. एवढे वजन एका टोकाला धरून उचलले की तो सगळा भार दोन-चार वितभर जागेतल्या जुन्या दोऱ्यावर येतो. टाके तटतट तुटतात ते तिथेच.

नक्की काय धुताय, ते आधी ओळखा

अंथरूण-पांघरूण म्हणून घरात जे जे जाड असते ते सगळे सारखे धुता येत नाही. चिमटीत धरून बोटांनी चोळून पाहा. आतले थर एकमेकांवर सरकत असतील तर आत कापडच आहे, म्हणजे लुगडी, धोतरे, साड्या, चादरी. ही खरी गोधडी, कुठे वाकळ म्हणतात. ही पाण्याने धुता येते.

चिमटीत मऊ, गुबगुबीत लागले आणि कुठे जाड कुठे पातळ जाणवले, तर आत कापूस आहे. ती रजई किंवा दुलई. पिंजलेल्या कापसाची जाड रजई पाण्यात घालू नका. कापसाचे गोळे होतात, ते टाक्यांच्या मध्ये सरकून एका कोपऱ्यात जमा होतात, आणि आतला ओलावा दोन-दोन दिवस निघत नाही. तिला फक्त खोळ लावा, खोळ धुवा आणि रजईला ऊन द्या. कापूस दबून कडक झाला तर पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून भरून घेणे हाच उपाय. आत पॉलिएस्टरचा पिसासारखा थर असेल (हल्ली दुकानात ‘गोधडी’ म्हणून हेही विकतात) तर ती धुता येते, लवकर वाळते, पण गरम पाणी आणि इस्त्री तिला चालत नाही.

घोंगडीची गोष्ट वेगळीच आहे. ती लोकरीची असते आणि तिला चिंचोक्याची खळ दिलेली असते. गरम पाण्यात चोळली तर ती आकसते आणि खळही निघून जाते. या लेखातले काहीही तिला लावू नका.

धुण्याचा दिवस कोणता

पश्चिम महाराष्ट्रात घटस्थापनेच्या आधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढतात, त्याला ‘दसरा काढणे’ म्हणतात. चातुर्मासाचा दमटपणा आणि कुबट वास थंडीच्या आधी काढून टाकायचा, हा त्यातला शहाणपणा आहे. पण भाद्रपदाच्या शेवटी पाऊस अजून रेंगाळत असेल तर फक्त चादरी आणि खोळी धुवा, जाड गोधड्या ऑक्टोबरच्या उन्हासाठी ठेवा. फेब्रुवारी ते मे हा दुसरा चांगला काळ. कोकणात आणि मुंबईत सलग दोन दिवस कोरडे ऊन मिळेल असा अंदाज असेल तरच हात घाला. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलच्या उन्हात सकाळी आठला वाळत घातलेली मध्यम जाडीची गोधडी संध्याकाळपर्यंत वाळते.

धुणे सकाळी सहा-सातला सुरू करा. दुपारी धुतलेली गोधडी रात्र ओलीच काढते, आणि वास धरायला तेवढे पुरते.

वर्षातून दोनदा धुतली तरी पुरे. त्यापेक्षा जास्त धुवायची गरज पडत असेल तर खोळ लावा किंवा अंगाच्या बाजूला पातळ सुती चादर घ्या.

भिजवण्याआधीची तीन कामे

पहिले काम दुरुस्तीचे. गोधडी जमिनीवर पसरा आणि काठापासून आत सगळीकडे हात फिरवा. उसवलेला दोरा, विरलेले कापड, निघालेले ठिगळ दिसले तर आधी शिवा. कोरडेपणी बोटभर उसवलेली जागा पाण्यात वीतभर होते. शिवायला सुती दोराच घ्या. जुने, मऊ झालेले कापड आणि चिवट पॉलिएस्टर दोरा यांचे जमत नाही. ताण आला की दोरा टिकतो आणि कापड कापले जाते. विरलेल्या जागी रफू करत बसू नका. ती जागा चारही बाजूंनी दोन बोटे झाकेल असे धुतलेले, मऊ सुती ठिगळ लावा आणि मूळ धावदोऱ्याच्या ओळीतच टाके घाला. नवे कोरे कापड ठिगळाला घेतले तर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि भोवती चुण्या पडतात. हात फिरवताना आत राहिलेली सुई किंवा टाचणी सापडते का तेही बघा. पायाने तुडवायची असेल तर ही तपासणी सोडू नका.

दुसरे काम रंगाची परीक्षा. गोधडीत दहा-वीस वेगवेगळी कापडे असतात आणि प्रत्येकाचा रंग वेगळा वागतो. लाल, मरून, काळा, गडद निळा आणि नव्याने लावलेले खणाचे तुकडे यांवर आधी लक्ष द्या. तुकड्यावर चमचाभर पाणी आणि साबणाचा एक थेंब टाका, वर पांढरा सुती रुमाल ठेवून मिनिटभर दाबा. रुमालावर रंग उतरला तर ती गोधडी भिजत घालायची नाही. गार, भरपूर पाण्यात, झटपट धुवायची आणि पाण्याबाहेर कुठेही घडी घालून ठेवायची नाही. मीठ किंवा तुरटी घातली की रंग पक्का होतो असे सर्रास सांगतात. तयार रंगवलेल्या कापडाचा सुटणारा रंग असा बसत नाही. तो सुटतोच, आपण फक्त त्याला दुसऱ्या कापडावर बसू द्यायचे नाही.

रेशमी इरकल किंवा जरीचा काठ लावलेला असेल तर धुण्याचा सोडा अजिबात नको. सोडा सुती कापडाला चालतो, रेशीम आणि लोकरीला नाही.

तिसरे काम झटकण्याचे. गच्चीवर किंवा अंगणात दोघांनी चार कोपरे धरून झटका. ही धूळ पाण्यात गेली की तिचा चिखल होऊन तो थरांत बसतो. झटकण्याने निम्मे काम होते.

डाग

डाग सबंध गोधडी भिजवायच्या आधी, त्या-त्या जागीच काढा.

डोक्याकडच्या बाजूला खोबरेलाचा पिवळट पट्टा जवळजवळ प्रत्येक गोधडीवर असतो. त्यावर कोरडेपणीच भांड्यांच्या लिक्विडचे काही थेंब बोटाने चोळून वीस मिनिटे ठेवा. आधी पाणी लागले तर तेल निघायला फार वेळ घेते. रक्ताला फक्त गार पाणी. गरम पाण्याने ते कापडात शिजल्यासारखे पक्के होते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो. घाबरू नका, हळद अल्कलीत रंग बदलते. धुऊन कडक उन्हात ठेवा, एक-दोन उन्हांत डाग बराच फिका पडतो.

बाळाच्या दुपट्यावर किंवा गोधडीवर शू झाली तर ती जागा लगेच गार पाण्याने तीन-चारदा दाबून काढा, मग एक लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घालून त्याने पुसा. वाळून जुना झालेला वास नुसत्या साबणाने जात नाही.

बुरशीचे काळे ठिपके असतील तर गोधडी घरात झटकू नका. बाहेर उन्हात नीट वाळवून मऊ ब्रशने कोरडेच झाडा, नाकाला रुमाल बांधा, मग धुवा. वास जातो, ठिपके मात्र पुष्कळदा राहतात. ते घालवण्यासाठी ब्लीच वापरायचा मोह होतो. तो आवरा. गोधडीतले कापड आधी लुगडे किंवा धोतर म्हणून वर्षानुवर्षे वापरून झालेले असते, त्याच्या धाग्यात फार ताकद उरलेली नसते, आणि ब्लीचने ती उरलीसुरलीही जाते. ब्लीच आणि व्हिनेगर तर कधीच एकत्र येऊ देऊ नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

हाताने, म्हणजे खरे तर पायाने धुणे

लागणारे सामान: ६० ते ८० लिटरचा रुंद प्लास्टिकचा टब, एक जुनी मजबूत चादर किंवा साडी, पातळ डिटर्जंट, उपडा ठेवायला एक प्लास्टिकचा क्रेट किंवा दोन स्टुले, आणि दुसरा माणूस. दुसरा माणूस ही सूचना नाही, गरज आहे. तीन किलोची ओली गोधडी एकट्याने नीट उचलता येत नाही.

१. टबात आधी ती जुनी चादर अशी अंथरा की तिचे चारही पदर टबाबाहेर लोंबतील. पुढे गोधडी उचलायची ती या चादरीला धरून, झोळीसारखी. सगळा भार चादर घेते आणि गोधडीवर ताण येत नाही. या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

२. टबात ३५ ते ४० लिटर गार किंवा जेमतेम कोमट पाणी घ्या. गोधडी नागमोडी घड्या घालत आत सोडा, गोळा करून टाकू नका. हाताने दाबून आतली हवा काढा. फुगे यायचे थांबले की पाणी सगळ्या थरांत पोचले. हे पहिले पाणी साबणाशिवायच. पाच मिनिटांनी ते काढून टाका, ते चहासारखे निघेल.

३. पुन्हा तेवढेच पाणी घ्या. ३० ते ४० मिली पातळ डिटर्जंट आधी तांब्याभर पाण्यात कालवून मग टबात घाला. पावडर असेल तर सपाट दोन मोठे चमचे, पूर्ण विरघळवून. पावडरचे कण थरांत अडकले तर तिथे कापड खरखरीत होते. साबण जास्त घातला की गोधडी जास्त स्वच्छ होते हा समज सोडा. जाड थरांतून साबण निघत नाही, राहिलेला साबण धूळ ओढतो, अंगाला खाज येते आणि वाळल्यावर गोधडी पापडासारखी ताठ होते. बोअरच्या जड पाण्यात साबणाची वडी तर नकोच, तिचा पांढरा चोथा टाक्यांत बसतो. अशा पाण्यात, गोधडी निव्वळ सुती असेल तर, डिटर्जंटबरोबर दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला.

रिठा वापरायचा असेल तर १५-२० रिठे रात्री दोन लिटर पाण्यात भिजवा, सकाळी पंधरा मिनिटे उकळा, गाळून ते पाणी टबात ओता. रंगीत, जुन्या, नाजूक गोधडीला रिठा फार चांगला. पांढऱ्या कापडावर किंचित पिवळसर छटा येऊ शकते. फेस डोळ्यांत जाऊ देऊ नका, झोंबतो.

४. वीस मिनिटे भिजू द्या. रंग जाणारी असेल तर ही पायरी गाळा. रात्रभर भिजत ठेवणे कोणत्याच गोधडीला मानवत नाही.

५. पाय धुऊन टबात उभे राहा, एक हात भिंतीला किंवा खुर्चीला घट्ट धरा (साबणाच्या पाण्यात पाय घसरतो), आणि दहा-बारा मिनिटे सावकाश तुडवा. दर तीन-चार मिनिटांनी गोधडी उलटा. पावलाच्या दाबाने पाणी थरांतून आरपार जाते आणि मळ घेऊन बाहेर येते. धोपाटण्याने बडवल्याने किंवा दगडावर आपटल्याने हे होत नाही, फक्त दोरा तुटतो. नदीवर आपटून धुतात हे खरे. तिथे वाहते पाणी असते, आणि आपटून उसवलेली गोधडी दरवर्षी पुन्हा शिवणारे हातही घरात असतात.

६. पाणी सोडून द्या, गोधडी टबातच तुडवून दाबा, मग नवे पाणी. असे तीन ते चार वेळा. शेवटचे पाणी तळहातावर घेऊन चोळून पाहा, बुळबुळीत लागले तर अजून एकदा. शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर घातले तर उरलासुरला साबण सुटतो आणि वाळल्यावर वासही राहत नाही.

एका मोठ्या गोधडीला असे सगळे मिळून सुमारे दोनशे लिटर पाणी लागते. टँकरच्या दिवसांत हे जड आहे. दोन गोधड्या असतील तर पहिलीचे शेवटचे पाणी दुसरीच्या पहिल्या भिजवणीला वापरा, बाकीचे फरशीला आणि संडासाला.

पिळायची नाही, निथळायची

पिळताना थर उलट्या दिशांना ओढले जातात आणि धावदोऱ्याच्या ओळीच्या ओळी सुटतात. चादरीच्या झोळीत गोधडी दोघांनी उचला, उपड्या क्रेटवर ठेवा, तासभर निथळू द्या. मध्ये एकदा वरून तळहातांनी दाबा. मग कोरड्या जुन्या सुती चादरीवर पसरून दोन्ही मिळून वळकटी करा, वळकटीवर पाय देऊन चाला, उलगडा. वाळण्याचा वेळ यानेच दोन-तीन तासांनी कमी होतो.

मशीनमध्ये कधी चालते

गोधडीच्या टाक्यांच्या ओळी जवळजवळ असतील, कापड दोन्ही हातांनी ओढून पाहिल्यावर करकरत नसेल, रंग जात नसेल आणि कोरडे वजन मशीनच्या क्षमतेच्या निम्म्याहून कमी असेल, तरच. सात किलोचे मशीन म्हणजे सात किलो सुटे कपडे, सात किलोची एक वस्तू नव्हे. गोधडी आत गेल्यावर वर हात घालून मूठ सहज फिरली पाहिजे. फिरली नाही तर पाणी मधल्या थरांपर्यंत जात नाही, आणि वरवर स्वच्छ दिसणारी गोधडी आत साबण घेऊन बाहेर येते.

समोरून उघडणारे मशीन बरे. वरून उघडणाऱ्यात गोधडी हवा धरून तरंगते आणि मधला दांडा किंवा तळाची चकती ती ओढते. त्यात घालायचीच तर कडेने गोल कडे करून ठेवा. गोधडी जुन्या खोळीत घालून तोंड टाचून घ्या. नाजूक कपड्यांचे चक्र, ३० अंश, जादा विसळणे सुरू, पिळणे ४०० ते ६०० फेऱ्यांवर. एकटी गोधडी ड्रममध्ये एका बाजूला बसते, मशीन धडधडते आणि पुन्हा पुन्हा पाणी घेत राहते. तसे झाले तर थांबवून हाताने सारखी करा, सोबत दोन पंचे घाला. सेमी-ऑटोमॅटिकच्या पिळण्याच्या लहान डब्यात मोठी गोधडी कोंबू नका.

लाँड्रीत द्यायची तर मोठ्या क्षमतेचे मशीन आहे का ते विचारा, आणि ‘ड्राय क्लीन नको, गरम वाफ नको, इस्त्री नको’ हे पावतीवर लिहून घ्या. परदेशात सामानातून नेलेल्या गोधड्यांसाठी सार्वजनिक लाँड्रीतले मोठे मशीन उपयोगी पडते. तिथे ड्रायर कमीत कमी उष्णतेवर अर्धा तास, मग बाहेर काढून पसरून पंख्याखाली. पूर्ण वाळेपर्यंत ड्रायरमध्ये ठेवली तर सुती थर वेगवेगळे आटतात आणि गोधडी वाकडी होते.

वाळवणे

एका दोरीवर टाकली तर मध्ये सगळा ताण येतो आणि दोरीचा कायमचा वळ पडतो. हात-दीड हात अंतरावर तीन समांतर दोऱ्या बांधा आणि गोधडी त्यांवर आडवी पसरा, मध्ये झोळ राहू द्या. खाली वारा खेळला पाहिजे. बाज असेल तर त्याहून उत्तम. गच्चीच्या कठड्यावर टाकताना आधी कठडा पुसा आणि खाली चादर घाला. लोखंडी तार नको, गंजाचा डाग पडतो.

रंगीत बाजू खाली, अस्तराची बाजू उन्हाकडे. दर दोन तासांनी उलटसुलट करा, आणि दर वेळी जागाही थोडी सरकवा. संध्याकाळी दव पडायच्या आधी आत आणा, मग ती वाळलेली असो की नसो. ओलसर असेल तर रात्रभर पंख्याखाली खुर्च्यांवर पसरून ठेवा, घडी नको.

वाळली की नाही हे वरून हात लावून कळत नाही. घडी घालून तासभर घरात ठेवा, मग मधल्या घडीत हात घाला. गार लागले तर आत ओल आहे, पुन्हा ऊन दाखवा. जिथे ठिगळावर ठिगळ आहे ती जागा आणि काठाची दुमड सर्वांत शेवटी वाळते, हात तिथेच लावा.

रंग पसरलाच तर

वाळू देऊ नका, ऊन तर नकोच. गोधडी ओलीच ठेवून लगेच भरपूर कोमट पाण्यात थोडे डिटर्जंट घालून बुडवा, पूर्ण पाण्याखाली राहील अशी. पाणी रंगले की बदला. पाणी रंगायचे थांबेपर्यंत हेच करत राहा. कधी पाच पाणी लागतात, कधी आठ. एकदा वाळलेला डाग मग सहसा निघत नाही.

ठेवणे

गोधडी धुतलेल्या सुती चादरीत गाठोडे बांधून ठेवा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत किंचितही ओल राहिली तरी बुरशी येते. लोखंडी पेटी असेल तर तळाला आणि बाजूंना कापड अंथरा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. दिवाणात ठेवाल तर सर्वांत खाली दाबून नको.

पूर्ण वाळवलेला कडुलिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवा, ओला पाला ठेवू नका. डांबरगोळ्या ठेवल्या तर कापडाला चिकटू देऊ नका आणि वापरायच्या आधी गोधडी दिवसभर वाऱ्यावर टाका. तान्ह्या बाळाच्या दुपट्यांत मात्र डांबरगोळ्या मुळीच नकोत. जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांत त्यातल्या नॅप्थलीनने रक्तपेशी फुटतात, आणि कमतरता आहे हे घरच्यांना पुष्कळदा माहीतच नसते.

दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला. एकाच घडीत वर्षभर राहिलेली गोधडी त्या रेषेवर आधी विरते. पावसाळ्यात मधूनच तास-दोन तास कोरडे ऊन पडले तर गाठोडे सोडून गोधडी बाहेर काढा, आणि पूर्ण गार झाल्यावरच परत बांधा.